झाडीपट्टीच्या धानाची वंशावळ

नागकेशर नावाचे एक धान छत्तीसगढात पेरले जाई. त्याची पाने जांभळी. दुरून पाहणाऱ्याला वाटे, बांधीत धान नाहीच, दुसरेच काही उगवले आहे. हे धान कोणी चवीसाठी लावत नव्हते. ते लावायचे करग्यापायी. करगा म्हणजे शेतात घुसलेले जंगली धान. निसवेपर्यंत तो ओळखू येत नाही: पान तेच, फुटवे तसेच, उंचीही तेवढीच. लोंबी बाहेर पडली की लांब कुसळे दिसतात, पण तोवर फार उशीर झालेला असतो, कारण करग्याचा दाणा पिकला की लगेच गळतो. विळा लागण्याआधीच तो चिखलात पडून पुढच्या वर्षाची पेरणी उरकून घेतो. रोवणीच्या बांधीत निदान चिखलणीच्या वेळी आपसूक उगवलेले सगळे गाडले जाते. आवत्या टाकलेल्या, म्हणजे बी फेकून पेरलेल्या, शेतात ती सोय नाही. म्हणून जांभळे धान पेरायचे आणि निंदणाला बसलेल्या बायांनी हिरवे दिसेल ते उपटायचे. युक्ती साधी होती आणि काही वर्षे चांगली चालली.

मग करगाच जांभळा निघू लागला.

धान हे आपल्याच परागाने फळणारे पीक. फूल सकाळी उघडते, थोड्या वेळात मिटते, आणि बहुतेक दाणे घरच्याच परागाचे असतात. पण जंगली धान त्या बाबतीत तितके काटेकोर नाही. नागकेशराचा पराग करग्याच्या फुलात पडला, त्यातून जांभळ्या पानांचे करगे उपजले, निंदणाऱ्या बायांनी हिरवे उपटले आणि जांभळे राखले. अनवधानाने का होईना, त्यांनी करग्याचा एक नवा वाण तयार केला. असे होते हे पुढे १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांनी नोंदवले. शेतकऱ्यांना ते आधीच उमगलेले होते.

मी धानाच्या पैदासीत नोकरी काढली. आमच्या कामाचे मर्म मला या एका गोष्टीत दिसते. पैदासकार नवीन काही घडवतो असे लोकांना वाटते. आम्ही निवडतो आणि जोडतो. जे निवडायचे ते आधी कुणाच्या तरी बांधीत, धुऱ्यावर किंवा तलावाच्या काठी जिवंत असावे लागते. ते तिथे कोणी ठेवले, कशासाठी ठेवले आणि ते कुणी मोडले, हा इतिहास मला सांगायचा आहे. त्यातला बराचसा आमच्या झाडीपट्टीत आणि शेजारच्या छत्तीसगढात घडला. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख नागपूरहूनच चालवला जात होता.

आधी त्या जंगली धानाबद्दल. शेतकऱ्याचा तो वैरी खरा, पण घरातल्या बाईने त्याला मान दिला आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे खायचे नाही, म्हणून आपल्याकडे कित्येक ठिकाणी देवभात शोधून आणतात. तो हाच, नांगर न लागता पाणथळीत उगवलेला. छत्तीसगढात श्रावण वद्य षष्ठीला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या दोन दिवस आधी, आया मुलांसाठी उपास करतात आणि पसहर नावाचा तांदूळ खातात. तोही नांगराशिवायचा. त्या दिवसांत रायपूरच्या बाजारात पसहरला चांगल्या सुवासिक तांदळापेक्षा जास्त भाव मिळतो. संस्कृत ग्रंथांत आश्रमातल्या ऋषींचे अन्न म्हणून येणारा नीवार याच कुळातला. १९६५ मध्ये शर्मा आणि शास्त्री या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी त्याला ओरायझा निवारा असे शास्त्रीय नाव दिले.

त्यानंतर दहा वर्षांच्या आत या धानाने जगाला मोठा हात दिला. १९७० च्या सुमारास आग्नेय आशियात ग्रासी स्टंट नावाचा विषाणुरोग पसरला. तपकिरी तुडतुडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात; झाड खुजे राहते, गवतासारखे फुटत जाते आणि लोंबी धरत नाही. फिलिपीन्समध्ये लॉस बान्योसला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. तिथे सहा हजारांहून अधिक नमुने या रोगासाठी तपासले गेले. प्रतिकारशक्ती सापडली ती एकाच नमुन्यात, उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ओरायझा निवाराच्या. आणि त्या नमुन्यातलीही मोजकीच झाडे टिकली. तेवढ्यावर काम भागले. तिथल्याच गुरदेव खुश यांनी १९७६ मध्ये दिलेल्या आयआर ३६ या वाणात तो गुण होता. सहा देशांतले तेरा वाण त्याच्या वंशात आहेत. १९८० च्या दशकात तो जगात एक कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर उभा होता. ज्याने कुणी उत्तर प्रदेशातल्या त्या डबक्याच्या काठावर वाकून मूठभर कुसळी दाणे पाकिटात भरले, त्याला तेव्हा ग्रासी स्टंटची कल्पनाही नसणार. रोग आल्यावर शोधायला निघालो असतो तर कदाचित त्या जागी काहीच सापडले नसते.

आमच्याकडची डबकी आणि तलाव बघताना मला हे नेहमी आठवते. उन्हाळ्यात मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांचा गाळ निघतो, आणि तो निघायलाच हवा. पण यंत्र काठ सरळ कापते. काठाचे गुडघाभर उथळ पाणी संपते, आणि जंगली धान राहते ते नेमके तिथेच. यंत्र येण्याच्या आधीच्या कार्तिकात कुणी जाऊन लोंब्यांना कागदी पिशव्या बांधून चार दाणे घेतले, तर ते काम एका माणसाचे आणि एका दिवसाचे आहे.

आता माणसाने राखलेल्या धानाकडे वळते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूरचा पूर्व भाग आणि गडचिरोली मिळून आमची झाडीपट्टी. बाहेरच्यांना ती नाटकांमुळे ठाऊक असते. धान कापून पुंजणे पडले की गावोगाव नाटके लागतात. वैनगंगेच्या या खोऱ्यात तलाव बांधण्याचे श्रेय कोहळी समाजाला आहे. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळींच्या नावाने ओळखला जातो. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखालची जमीन बहाल केली, अशी परंपरा आहे. तलाव, त्याच्याखाली बांध्यांची उतरंड, मध्ये बोड्या, वर बरड माळ: प्रत्येक गावाची ठेवण ही अशी. एका गावात माती चार-पाच तऱ्हेची, कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बर्डी, आणि एका शेतकऱ्याची जमीनही बहुधा यातल्या दोन-तीन तऱ्हांत विखुरलेली. वरच्या बर्डीत पाणी टिकत नाही, तिथे हलके धान. ते दसऱ्याच्या आसपास विळ्याला येते. खालच्या कन्हारीत पाणी हटत नाही, तिथे भारी धान. ते दिवाळीनंतर कितीतरी दिवसांनी कापायचे. मधल्या बांध्यांत मध्यम. शिवाय घरी खायचे वेगळे, मजुरीत द्यायचे वेगळे, पाहुण्यांसाठी चिन्नोर किंवा काळी कमोद, पोह्याचे निराळे, लाह्यांचे निराळे. लुचई, दुबराज, हिरानखी, गुरमटिया, साफरी ही नावे आमच्या आणि छत्तीसगढच्या सामाईक बोलण्यातली. हौस म्हणून कोणी इतके वाण ठेवत नाही. एक वाण बुडाला तर दुसऱ्याने घर तारावे, यासाठी ते होते.

भारी धानाचा एक गुण मला आजही थक्क करतो. त्याला दिवस मोजता येतात. पाऊस लांबला, रोवणी जुलैऐवजी ऑगस्टात झाली, तरी ते निसवते त्याच्याच ठरल्या वेळी, कारण दिवस किती लहान झाला हे पाहून ते फुलोरा धरते. म्हणजे फुलोऱ्याच्या वेळी मोठा पाऊस सरलेला, बांधीत ओल शिल्लक, आणि दाणा भरायला स्वच्छ ऊन. हा गुण शतकानुशतके निवडत आणला गेला. पुढे सुधारित वाणांतून तो मुद्दाम काढून टाकला, म्हणजे एकच वाण खरिपात आणि उन्हाळीत दोन्हीकडे चालेल. सोय झाली, पण रोवणी लांबली की फुलोराही लांबतो आणि शेवटचे पाणी कमी पडते. हे दुखणे मी कितीतरी हंगामांत पाहिले.

या वाणांची पहिली शास्त्रीय मांडणी नागपूरला झाली. मध्य प्रांताचे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रॅहॅम यांनी १९१३ मध्ये प्रांतातल्या धानाच्या वर्गीकरणावर टिपण छापले. मागे दोन मोठे दुष्काळ होऊन गेले होते, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा, आणि दोन्हींनी मध्य प्रांत उजाड केला होता. सरकारला शेतीखाते आणि सुधारित बियाणे यांची निकड भासली ती त्यानंतर. त्याच सुमारास युरोपातून एक नवा विचार आला. डेन्मार्कच्या योहान्सेन यांनी १९०३ मध्ये घेवड्याच्या दाण्यांवर प्रयोग करून दाखवले होते की आपल्याच परागाने फळणाऱ्या पिकात एका झाडाची संतती शुद्ध असते आणि तिच्या आत पुन्हा निवड करून काही हाती लागत नाही. मग देशभर शुद्ध निवडीचे काम सुरू झाले: शेतकऱ्याचा वाण घ्यायचा, त्यातून शेकडो लोंब्या निवडायच्या, प्रत्येकीची वेगळी ओळ लावायची, उत्तम ओळ राखायची, बाकीच्या टाकायच्या. जुन्या नावांपुढे इंग्रजी अक्षरे आणि आकडे लागू लागले.

या पद्धतीने उत्पन्न वाढले, यात शंका नाही. पण टाकलेल्या ओळींचे काय? शेतकऱ्याची लुचई म्हणजे एकसारखी झाडे नव्हती. तिच्यात थोडी लवकर पिकणारी होती, थोडी करप्याला दाद न देणारी, थोडी कमी पाण्यात निभावणारी. सगळी मिळून एका नावाने नांदत होती. आपण त्यातली एक उचलली आणि तिलाच लुचई म्हणू लागलो. ज्या खात्यात मी काम केले त्याची सुरुवातच या पहिल्या गाळणीपासून झाली, हे मनात ठेवून मी पुढे नोंदवह्या भरल्या.

संकराचे काम जवळून पाहिले नाही त्याला ते किती नाजूक असते याचा अंदाज येत नाही. दुपार कलली की लोंबी अर्धी बाहेर आलेले झाड कुंडीत उचलून आणायचे. उद्या उघडतील असे दाणे ठेवून बाकीचे कापायचे. प्रत्येक फुलाचा वरचा तिसरा हिस्सा कात्रीने तिरपा छाटायचा आणि आतले सहा परागकोश चिमट्याने एकेक करून काढायचे. सहा म्हणजे सहा. एक राहिला तर दाणा आईच्याच परागाचा, आणि फसगत कळते पुढच्या हंगामात. खालच्या पांढऱ्या किंवा जांभळ्या कुंच्याला धक्का लागता कामा नये. मग लोंबीवर बटर पेपरची पिशवी, पिशवीवर तारीख आणि आईचे नाव. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बापाची लोंबी आणून पिशवीच्या तोंडावर हलकेच झटकायची. महिनाभराने जो दाणा मिळतो तो ओळखायला सोपा असतो: तूस वर कापलेले, त्यामुळे तांदूळ अर्धा उघडा. असे वीस-तीस दाणे हाती आले तर दिवस सोन्याचा. त्यांच्यापासून वाण निघायला दहा-बारा वर्षे लागतात. हे काम सगळ्यात चोख करणाऱ्या आमच्याकडच्या रोजंदारीच्या बाया होत्या. प्रसारित वाणाच्या कागदावर त्यांचे नाव कुठे येत नाही. माझ्या मते यायला हवे.

संकराच्या त्या विद्येने जगाचे धान बदलले ते एका जनुकावर. उंच देशी धानाला युरिया दिला की ते आणखी उंच होते आणि दाणा भरता भरता लोळते. तैवानमध्ये डी-जिओ-वू-जेन नावाचा एक बुटका वाण होता. त्याच्यापासून तिथे १९५६ मध्ये तायचुंग नेटिव्ह १ निघाला, आणि लॉस बान्योसला डी-जिओ-वू-जेनचाच पेटा या इंडोनेशियाच्या वाणाशी संकर होऊन १९६६ मध्ये आयआर ८. पेटाच्या रक्तात लतिसाईल हा बंगालचा वाण आहे, त्यामुळे या परदेशी चमत्काराचा एक आजा आपला. तायचुंगचा ओडिशाच्या टी १४१ शी संकर करून आपण १९६८ मध्ये जया काढला. जयाने आमच्या भागातही एकरी पोत्यांचा हिशेबच बदलून टाकला. ज्यांनी रेशनच्या मिलो ज्वारीची भाकरी खाल्ली आहे, त्यांच्यापुढे या वाणांना नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पोटे भरली, हे आधी म्हणायचे आणि मग पुढचे.

पुढचे असे की देशोदेशींचे नवे वाण बुटकेपणासाठी त्याच एका जनुकावर उभे राहिले, आणि गावातली उतरंड सपाट झाली. वरच्या बर्डीपासून खालच्या कन्हारीपर्यंत एकच वाण दिसू लागला. गादमाशी, कडाकरपा, तुडतुडे यांना एका शेतातून दुसऱ्या शेतात जायला कुठे अडसर उरला नाही. प्रत्येक नव्या रोगाला नवा प्रतिकार हवा, तो शोधायचा जुन्या वाणांत, आणि जुने वाण तर दर हंगामाला गावांतून उठत चाललेले.

हे सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने बोलले डॉ. राधेलाल रिछारिया. जन्म १९०९ चा, डॉक्टरेट केंब्रिजची. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळानंतर १९४६ मध्ये कटकला केंद्रीय भात संशोधन संस्था उभी राहिली होती. १९५९ मध्ये रिछारिया तिचे संचालक झाले. १९६० च्या दशकाच्या मध्यावर बाहेरून बुटक्या वाणांचे बी मोठ्या प्रमाणावर आणायचे ठरले, तेव्हा त्यांनी विरोध केला: या बियाण्याबरोबर रोग येतील, आधी ते वेगळे ठेवून तपासा. तायचुंग नेटिव्ह १ कडाकरप्याला आणि विषाणुरोगांना फार लवकर बळी पडतो, हे पुढे सगळ्यांनाच दिसले. रिछारियांना मात्र पद सोडावे लागले आणि कोर्टाची पायरी चढावी लागली.

मग ते रायपूरला आले. १९७० च्या दशकात तिथल्या मध्य प्रदेश भात संशोधन संस्थेतून त्यांनी छत्तीसगढ, बस्तर आणि आसपासच्या खेड्यांतून १७ हजारांहून अधिक नमुने जमवले. तेही तुटपुंज्या खर्चात, गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांच्या मदतीने. त्यांचा आग्रह असा की वाणाबरोबर गाव, माती आणि शेतकरी त्याच्याबद्दल काय सांगतो हेही लिहून आणा. या संग्रहातले जवळपास नऊ टक्के देशी वाण एकरी दीड टनापेक्षा जास्त उत्पन्न देतात, असे ते आकडे पुढे ठेवून सांगत. उत्तम देशी वाण ज्या त्या जिल्ह्यात, शेतकऱ्यांच्याच शेतावर सुधारावेत, ही त्यांची योजना. ती अमलात आली नाही. दशक संपण्याआधी संस्था बंद झाली आणि संग्रह कृषी विद्यापीठाकडे गेला. गोव्यात राहणारे क्लॉड अल्वारिस यांनी १९८६ मध्ये इलस्ट्रेटेड वीकलीत ही कहाणी विस्ताराने छापली, तेव्हा ती देशाला कळली.

संग्रह मात्र जगला, आणि त्याचे श्रेय मी रायपूरच्या अनाम शेतमजुरांना आणि तंत्रज्ञांना देते. आमच्याकडच्या मे महिन्यात साध्या खोलीतले बी दोन-तीन वर्षांत उगवण गमावू लागते. उणे १८ अंशांची सोय दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत आहे. इतरत्र हजारो नमुने आलटूनपालटून शेतात लावूनच ताजे ठेवावे लागतात, आणि दर वेळी भेसळीचा, चुकीच्या चिठ्ठीचा, उंदराचा, अवकाळी पावसाचा धोका. आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात हा संग्रह २३ हजारांच्या वर गेला आहे. २००२ मध्ये सिंजेंटा कंपनीशी त्याच्या वापराबद्दल बोलणी चालू असल्याचे बाहेर आले, तेव्हा छत्तीसगढातले शेतकरी आणि कार्यकर्ते रस्त्यावर उतरले आणि कंपनीने माघार घेतली. वाण दिले होते शेतकऱ्यांनी, म्हणून प्रश्न विचारायचा अधिकारही त्यांचाच होता.

नमुने गोळा करायला मीही गावोगाव हिंडले. तलावाच्या सांडव्याखालच्या एका बांधीत, कोपऱ्यात, उंच आणि लाल तांदळाच्या धानाचे छोटेसे वाफ्याएवढे तुकडे दिसले. बाकी शेतात सुधारित वाण. मालकीण म्हातारी होती. मी विचारले, “आजी, एवढंसंच कशाला लावता?”

“बाई, सांडवा फुटला तं पानी आठ दिस बांधीत रायते,” ती म्हणाली. “बाकीचं सडते, हे उभं रायते. कमी होते, पन होते.”

आमच्या छापील अर्जात तुसाचा रंग होता, कुसळांची लांबी होती, हजार दाण्यांचे वजन होते. आठ दिवस पाण्यात उभे राहण्याला रकाना नव्हता. मी समासात लिहिले.

अशाच एका वाणाची गोष्ट ओडिशाची. धळपुटिया नावाच्या तिथल्या देशी धानातून निवडलेला एफआर १३ए पाण्याखाली दोन आठवडे बुडाला तरी मरत नाही. इतर धान पाण्यात गुदमरले की वर येण्यासाठी उंच वाढू लागते आणि त्या धडपडीत साठवलेले सगळे अन्न संपवते. धळपुटिया वाढच थांबवतो, पाणी ओसरेपर्यंत अन्न राखतो आणि मग नव्याने फुटतो. उत्पन्न कमी, झाड उंच, म्हणून वर्षानुवर्षे तो संग्रहात पडून होता. त्या गुणाचे जनुक २००६ मध्ये नेमके ओळखले गेले. ते संकर आणि जनुकीय खुणांच्या मदतीने स्वर्णा या लोकप्रिय वाणात आणले आणि २००९ मध्ये स्वर्णा-सब १ भारतीय शेतकऱ्यांच्या हाती आला. भाताचा संपूर्ण जनुकक्रम २००५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. २०१८ पर्यंत तीन हजारांवर वाणांचे क्रम वाचून झाले. या वाचनाने शोध फार जलद झाला आहे. पण तो फक्त आपल्याजवळ असलेले वाचतो, आणि गुण कशासाठी शोधायचा हे अजूनही समासातल्या ओळीच सांगतात.

निवड करायला प्रयोगशाळा लागतेच असे नाही, हे आमच्याच चंद्रपूर जिल्ह्याने दाखवून दिले. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे दीड एकराचे धनी, शिक्षण प्राथमिक शाळेपुरते. १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या बांधीत त्यांना दोन-तीन पिवळसर लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या पिशवीत बाजूला ठेवल्या, पुढच्या वर्षी बांधीच्या मधोमध लावल्या आणि रानडुकरांपासून वाचवायला भोवती काटेरी फांद्या रोवल्या. वर्षागणिक बी वाढवत नेले. दाणा बारीक, भात चवीचा, उत्पन्नही चांगले. व्यापाऱ्याने त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला एचएमटी म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. आज नागपूरच्या किराणा दुकानात ते ज्याला ठाऊक नाही असे गिऱ्हाईक विरळेच. १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडून पीकेव्ही-एचएमटी प्रसारित झाला. दादाजींना या सगळ्यातून पैसा मिळाला नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. तोवर त्यांनी नांदेड चिनूर, नांदेड हिरा, विजय नांदेड, डीआरके असे आणखी वाण निवडले होते. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

कोइमतूरला सरकारी शेतावर अशीच एक वेगळी लोंबी सापडली होती. तिच्यापासून १९२१ मध्ये जीईबी २४ हा वाण झाला आणि पुढे कित्येक वाणांच्या वंशात गेला. नजर तीच, काम तेच. फरक एवढाच की कोइमतूरच्या निवडीला पहिल्या दिवसापासून नोंद, प्रक्षेत्र आणि पगार होता. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने आता शेतकऱ्यालाही आपला वाण स्वतःच्या नावे नोंदवता येतो. झाडीपट्टीतल्या प्रत्येक कृषी सहायकाने तो अर्ज जवळ बाळगावा आणि स्वतः भरून द्यावा, असे मला मनापासून वाटते. अर्ज भरणे ही दादाजींसारख्या माणसाची परीक्षा असू नये.

अलीकडे जुन्या वाणांना नव्या वाटा मिळू लागल्या आहेत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने रायपूरच्या विद्यापीठाबरोबर देशी वाणांच्या बियाण्यावर गॅमा किरणांचे प्रयोग केले. उंच, उशिरा येणाऱ्या, लोळणाऱ्या दुबराजपासून त्यातून कमी उंचीचा, लवकर पिकणारा सुवासिक दुबराज मिळाला. साफरी-१७ पासून विक्रम टीसीआर. पद्धत अशी की हजारो बियांवर किरण सोडायचे, पुढच्या पिढ्या लावायच्या आणि ज्या झाडाचा फक्त नकोसा गुण गेला आहे, बाकी वाण जसाच्या तसा आहे, ते नजरेने हेरायचे. त्यात परक्या वाणाची जोड लागत नाही, दुबराज दुबराजच राहतो. माझ्या डोळ्यांसमोर यानंतरची यादी आहे: लुचई, काळी कमोद, हिरानखी. तिन्ही उंच, तिन्ही लोळणाऱ्या. तिन्हींचे बी झाडीपट्टीतल्या काही घरांत अजून राखलेले आहे, बहुधा घरच्या खाण्यापुरते, पायली-दोन पायली. त्या घरांची नावे आणि कुठल्या बांधीत, कुठल्या मातीत ते लावतात याची नोंद पुढच्या रोवणीच्या आत करायची आहे.